लेबलावरचा हात

इतवारी, नागपूर
६ फेब्रुवारी १९७३

आनंदराव जावईबापू,

आधी आशीर्वाद देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा.

तुमच्या नादमाधुरी कंपनीनं आमचं चित्र परत पाठवलं. सोबत छापील चिठ्ठी, ‘लेबलासाठी अयोग्य’. बस. खाली सही, तीही वाचता येत नाही. तुम्ही त्याच लेबल विभागात बसता, तेव्हा सही तुमचीही असू शकते. असली तर थोडी शरम वाटू द्या.

चित्र काही मामुली नव्हतं. रुपराव पेंटरनं काढलं होतं. बर्डीपासून कामठीपर्यंत निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या आहेत. मधात जातं, दोन्ही अंगाला मोर, वरती सूर्य, खाली कन्हान नदी, नदीत डोंगासुद्धा. सगळे रंग आणि वरून सोनेरी. मीच त्याला म्हटलं, “रुपराव, हे लेबल हाये गा, लग्नाचा मांडव नाही.” तर म्हणतो, “शालिकभाऊ, जिनं गायलं तिच्या लायक नको का?”

आता जिनं गायलं तिच्याबद्दल. तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण मुंबईला गेलेला माणूस विसरतो. मौद्याच्या अलीकडच्या खेड्यात देवराव म्हणून शेतकरी आहे. त्याच्या पुतणीच्या लग्नात मी भोंगे लावायला गेलो होतो. मागच्या अंगणात बाया हळद दळत होत्या आणि त्यातली एक गात होती. मी पुढं येऊन मशीन बंद केलं. वरबाप ओरडला, “काहून बंद केलं जी?” म्हटलं, “जरा थांबा, तिकडं गाणं सुरू आहे.” माझी शाळा चौथीपर्यंतची, पण सायकलवर भोंगा बांधून गावोगाव हिंडलो ते कानांच्या भरवशावर, आणि हे रेकॉर्डचं दुकानही कानांनीच उभं केलं. असा आवाज मी दुसरा ऐकला नाही. ती देवरावची बायको. मी त्या दोघांना मुंबईला घेऊन आलो, तुमच्या कंपनीत दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, सगळ्या विदर्भातला माल उचलायचं वचन दिलं. त्या बदल्यात एकच मागितलं की लेबल आमच्या मनासारखं होईल. तुमच्या साहेबांनी मान डोलावली होती. तुम्ही तिथंच उभे होते.

मग हे अयोग्य काय आहे, ते मला समजेल अशा भाषेत लिहा.

माझ्या बहिणीला, सुभद्रेला, आशीर्वाद. तुम्ही लग्नात तिची मीरा करून टाकली, मला नवं नाव काही तोंडात बसत नाही.

शालिकराम

•

मुंबई
१४ फेब्रुवारी १९७३

ती. शालिकदादांस सा. नमस्कार.

चिठ्ठीवरची सही माझी नव्हे. परंतु निर्णय योग्य आहे असे मला नाइलाजाने लिहावे लागते.

रुपरावांचे चित्र सुंदर आहे. ते आमच्या विभागातल्या सर्वांनी पाहिले. पण दादा, भिंतीवर लावायचे चित्र वेगळे आणि ब्लॉक करायचे चित्र वेगळे. आपले चित्र आधी कॅमेऱ्यासमोर जाते, त्यावरून जस्ताचा ब्लॉक होतो, मग लेबल छापले जाते. त्या कॅमेऱ्याला काळे आणि पांढरे एवढेच कळते. तांबडा रंग त्याला काळा दिसतो, सोनेरीही काळा, आणि फिकट निळा तर त्याला मुळी दिसतच नाही. रुपरावांचा सूर्य काळा आला असता आणि नदी गडप झाली असती.

तेव्हा पांढऱ्या गुळगुळीत कार्डावर, काळ्या शाईने, छापायच्या आकाराच्या दुप्पट काढावे. गोल नीट कंपासने घ्यावा. मध्यभागी रुपयाएवढी जागा कोरी ठेवावी, कारण तिथे भोक पडते. कडेलाही मोकळे सोडावे. लेबल कापताना गोल थोडा सरकतो, तेव्हा मोराची शेपूट तुटायला नको. रंग कंपनी एकच देईल. तो कुठे हवा ते वर ट्रेसिंग पेपर लावून दाखवावे.

आणि एक. अक्षरे काढू नयेत. गाण्याचे बोल, गायकाचे नाव, नंबर हे सगळे कंपनी आपल्या छापखान्यात जुळवते. नियमच तसा आहे: चित्र ग्राहकाचे, अक्षर कंपनीचे. मजकूर वेगळ्या कागदावर पाठवावा. साहेब तो पाहून मंजूर करतात.

सौ. मीरा मजेत आहे.

आपला,
आनंदराव

•

इतवारी, नागपूर
१ मार्च १९७३

जावईबापू,

तुमचं पत्र रुपरावला वाचून दाखवलं. ‘नदी गडप झाली असती’ ऐकल्यावर तो उठून बाहेरच गेला. पानठेल्यावरून परत आला आणि म्हणाला, “ज्या कॅमेऱ्याले निळा दिसत नाही त्याच्या डोळ्याचं आपरेशन करा मनाव.” मग बसला आणि काढलं. नुसतं जातं आणि एक मोर, काळ्या शाईत. जातं कोऱ्या जागेच्या खाली सरकवलं. सोबत पाठवतो.

मजकूर वेगळ्या कागदावर आहे. त्यात गायिकेचं नाव वाचून तुम्हाला वाटेल शालिकरामचं डोकं फिरलं. करारावर अंगठा आहे भागीरथाबाईचा आणि मी लिहिलं आहे मनकर्णा. बाई एकच आहे. असं झालं की मी गावी जाऊन विचारलं, “बाई, रेकॉर्डवर नाव कसं लिहायचं?” तिनं चोळीची बाही वर सारली आणि हात पुढं केला. कोपराच्या खाली गोंदण आहे, तुळस आणि तिच्याखाली नाव. मनकर्णा. लहानपणी जत्रेत हरवू नये म्हणून बापानं गोंदवून घेतलं होतं. लग्न झालं, सासरच्यांनी भागीरथा नाव ठेवलं. मायबाप गेले, भाऊ गेला. आता त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही. म्हणाली, “गानं मायं मायचं हाये जी. थ्या घरची मी मनकर्णा. नाव टाकत असान तं हे टाका. नाही तं टाकूच नका.”

देवराव वावरातून आल्यावर त्याला विचारलं, रेकॉर्डवर हिचं सासरचं नाव नाही टाकलं तर तुमची हरकत? तो म्हणतो, “मले काय? मी तं तिले ‘अवं’ म्हणतो.”

तेव्हा मी तिला शब्द दिला आहे. नाव मोठ्या अक्षरात पाहिजे, मोरापेक्षा मोठं. साहेबांना सांगा.

शालिकराम

•

मुंबई
९ एप्रिल १९७३

ती. शालिकदादांस सा. नमस्कार.

चित्र मंजूर झाले, अभिनंदन. नमुन्याची रेकॉर्ड आणि लेबलाचे प्रूफ वेगळ्या पार्सलने रवाना केले आहे. मजकुरात किरकोळ फेरबदल आहे, तो विक्रीच्या दृष्टीने. प्रुफावर सही करून लवकर परत करावे. इथे वर्षअखेरची कामे साठली आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही.

आनंदराव

•

इतवारी, नागपूर
१७ एप्रिल १९७३

आनंदराव,

आज जावईबापू लिहिणार नाही.

किरकोळ फेरबदल! प्रूफ समोर ठेवून वाचतो आहे: ‘विदर्भाची लोकगीते. कुमारी शामला व साथी’. दोन्ही बाजूंना तेच. मनकर्णा नाही, भागीरथा नाही, ‘अवं’सुद्धा नाही. ही कुमारी शामला कोण? कन्हानचं पाणी कधी प्यायली? जात्याचा खुंटा कधी धरला?

मी रेकॉर्ड लावली. सुरुवातीला कोणाचा तरी आलाप आहे, पोशाखी, गुळगुळीत, पावडर लावलेला. मी समजलो ती शामला. आलाप संपला आणि खाली आमची बाई सुरू झाली:

कन्हानच्या पाण्या, जाजो माह्या मायच्या गावा,
उगमाच्या नावानं रे हाक मारजो मले.

शेवटच्या शब्दापर्यंत ती एकटी आहे. माझे कान तुमच्या साहेबांनी विकत घेतलेले नाहीत. श्वास घ्यायच्या आधी तिच्या हातातला चांदीचा गोट खुंट्याला लागतो, त्याचा ‘टिण’ तुमच्या मशीननं पण धरला आहे. तुमच्या स्टुडिओत जातं मीच तर नेलं होतं, मालडब्यातून! हमालानं विचारलं, मुंबईत पीठ भेटत नाही का? तो टिण शामलाचा आहे? मग तिला सांगा, गोट दाखव.

साथी! घर जिचं, चूल जिची, ती साथी आणि दारात येऊन ‘आऽऽ’ केलं ती मालकीण. आनंदराव, तुमचा बाप भंडाऱ्याचा. तुम्ही स्वतः मुंबईत जाऊन ‘मले’चं ‘मला’ केलं, त्याचं मला काही नाही. पण हे प्रूफ तुमच्या टेबलावरून गेलं. तेव्हा तुमचा हात कसा नाही थांबला?

सही करत नाही. प्रूफ परत पाठवतो. मागं काय लिहिलं आहे ते साहेबांना दाखवायच्या आधी खोडून टाका. सुभद्रेनं ते वाचू नये.

शालिकराम

•

मुंबई
२६ एप्रिल १९७३

ती. शालिकदादांस सा. नमस्कार.

आपला राग मी समजू शकतो. प्रुफाच्या मागचे मी खोडले.

परंतु थोडे शांतपणे पाहावे. कुमारी शामला यांचा कंपनीशी करार आहे. त्यांच्या नावावर रेकॉर्ड पुण्यात, इंदूरमध्येही जाईल. साहेबांचे म्हणणे असे की, खेड्यातल्या बाईचे नाव वाचून कोण घेणार? मी बोलून पाहिले. साहेबांनी ‘अक्षर कंपनीचे’ हा नियम माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी त्यांच्या हाताखाली आहे. इथे घर आहे, मुलींच्या शाळा आहेत.

आणि दादा, खरे सांगायचे तर आवाज त्यांचाच आहे, गाणेही तेच आहे. नावाने एवढा काय फरक पडतो? त्यांचे नाव एकदा बदललेच होते. आपल्याकडे सर्वच बायकांचे बदलते. मीराचेही बदलले. तिने आजवर एका शब्दाने तक्रार केली नाही.

आपण सही करावी, अशी विनंती.

आनंदराव

•

इतवारी, नागपूर
५ मे १९७३

आनंदराव,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस दुकानात एकही रेकॉर्ड लावली नाही. दुकानातला माणूस घाबरला, मालक आजारी आहेत म्हणून घरी सांगून आला.

तिनं तक्रार केली नाही म्हणता. तुम्ही विचारलं का?

तांदळाच्या ताटात तुम्ही अंगठीनं ‘मीरा’ लिहिलं, तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. अक्षर छान होतं, सगळ्यांनी वाहवा केली. पण आमचा बाप शेताच्या धुऱ्यावर उभा राहून “सुभद्रेऽऽ” करायचा ना, तेव्हा पोरगी दोन वावरं पलीकडून ओ द्यायची. मी इतक्या आवाजांचा धंदा केला, तसा ‘ओ’ नंतर ऐकला नाही. तुमच्या घरी येतो तेव्हा ती ‘काय?’ म्हणते. ओ देत नाही. तुम्हाला फरक ऐकू येत नाही, कारण तुम्ही आधीचं ऐकलेलं नाही. तुमचा दोष नाही. पण फरक पडत नाही असं मला लिहू नका.

आता कामाचं. अक्षर कंपनीचं, कबूल. शामलाला नाचवा तुमच्या अक्षरात. पण चित्र ग्राहकाचं, हेही तुमच्याच हातचं लिहिलेलं आहे. पत्र मी जपून ठेवलं आहे. मला मोराचं चित्र आता नको. रुपराव माझ्यासोबत गावी आला, बाईसमोर बसला आणि नवं चित्र काढलं. जात्याचा खुंटा आणि तो धरलेला हात, कोपरापर्यंत. हात जसा आहे तसा. गोट आहे, शिरा आहेत, गोंदण आहे. मी किंवा रुपरावनं आपल्या मनचं एक अक्षर त्यात घातलेलं नाही.

चित्र आहे. तपासून घ्या. हे छापत असाल तर सही करतो. नाही तर माल तुमच्याच गोदामात राहू द्या.

शालिकराम

•

मुंबई
२१ मे १९७३

ती. शालिकदादांस,

चित्र पोचले. ज्या दिवशी पोचले त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो. अर्धे पान लिहून फाडले.

रुपरावांनी सगळे नियम पाळले आहेत, एक सोडून. हात काळ्या शाईत आहे, खुंटाही. पण गोंदण त्यांनी हिरवट निळ्या रंगात काढले आहे, अगदी फिकट, खऱ्या गोंदणासारखे. मी लिहिले होते की तो रंग कॅमेऱ्याला दिसत नाही.

म्हणजे मला काही करावेच लागले नसते. चित्र तसेच पुढे पाठवले असते तर ब्लॉकवर कोरा हात आला असता. नियम पाळला गेला असता, साहेब खूश, आपली सही झालेली, आणि दोष कॅमेऱ्याचा. मला हे सुचले, हेही आपल्याला सांगतो.

शनिवारी चित्र घरी आणले. रविवारी दुपारी खिडकीशी बसून बारीक कुंचल्याने गोंदणावर काळी शाई भरू लागलो. आधी तुळस, मग अक्षरे. ही मागे येऊन उभी राहिली. विचारले, “मनकर्णा कोण?” मी सगळे सांगितले. आपण विचारायला सांगितले होते तेही विचारले, की तुझे नाव बदलले त्याचे तुला काही वाटले होते का. ती चित्रातला हातच बघत होती. मग म्हणाली, “मले बी बाबानं गोंदून द्यायले पायजे होतं.” आणि आत गेली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी ‘मले’ बोललेली मला आठवत नाही.

सोमवारी चित्र साहेबांसमोर ठेवले. त्यांनी विचारले, “हे हातावर काय आहे?” मी म्हणालो, “गोंदण आहे, साहेब.” ते म्हणाले, “वा, अस्सल ग्रामीण वाटते.” त्यांनी चष्मा लावला नव्हता. मी आठवण केली नाही. कागदावर ‘तपासले, चित्र आहे’ असा शेरा मारून मी सही केली आहे. सही वाचता येईल अशी केली आहे.

शामला यांचे नाव मात्र राहील. तेवढे माझ्याने होत नाही.

आनंदराव

•

इतवारी, नागपूर
२ जुलै १९७३

जावईबापू,

माल आला. रुपरावनं पहिला डबा स्वतः फोडला. त्याला सांगितलं की गोंदण तुम्ही काळं केलं, तर म्हणाला, “गोंदन कधी काळं रायते का? पन हात चांगला भरला जावयानं.” रुपरावच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

परवा देवराव आणि बाई दुकानात आले. मी काही न सांगता रेकॉर्ड लावली. शामलाचा ‘आऽऽ’ संपला, बाईचा आवाज सुरू झाला. गिऱ्हाईक होतं ते उभंच राहिलं. बाई मात्र ऐकत नव्हती, मशीनकडे वाकून बघत होती. मला म्हणते, “थांबवा ना जी. फिरून राह्यलं तं दिसत नाही.” एवढी मेहनत करून आणलेलं गाणं ओळीच्या मधात थांबवलं. रेकॉर्ड थांबली, बाईनं बाही वर केली आणि आपला हात त्या हाताच्या बाजूला ठेवला. तिला वाचता येत नाही. पण तो आकार तिचा रोजचा आहे. बोट फिरवत बघितलं, वरून खाली, एक एक रेघ.

आणि देवराव! शहाणा मला विचारतो, “शालिकभाऊ, तिच्या हातावर हे लिवलं काय हाये?” त्या हातच्या भाकरी खाऊन याचे केस पिकले, आणि विचारतो मला! माझं डोकंच सणकलं. म्हटलं, “मले काहून विचारता? थे बसली बाजूले. तिले विचारा.” त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर, स्वतःच्या तोंडानं, आणि गाताना लागतो त्याच आवाजात.

लोक आता ‘हातवाली रेकॉर्ड’ म्हणून मागतात. शामलाचं नाव कोणी घेत नाही. तरी ते नाव तिथं आहे, आणि माझा राग जिथल्या तिथं आहे. दुसरी छपाई निघाली की पुन्हा भांडायला येतो. साहेबांना चष्मा लावून बसायला सांगा.

एक रेकॉर्ड सुभद्रेसाठी वेगळी पाठवली आहे.

शालिकराम

•

मुंबई
१५ जुलै १९७३

दादा,

रेकॉर्ड पोचली. रोज लावते. पोरींले पाठ झाली.

काल हे ऑफिसातून आले, चपला काढता काढता दारातूनच हाक मारली, “सुभद्रा.” मी पोळ्या करत होती. वळलीच नाही. वाटलं, शेजारी कोनी पाव्हनी आली असंन, तिले हाक मारून राह्यले.

मंग समजलं. आन दादा, मले आनंद नाही झाला, आधी राग आला. आपल्याच नावाले आपन ओ देत नाही, इतकं कोनं केलं? तवा खाली ठेवला. यायच्याकडे पाह्यलं. हे तसेच उभे, एक चप्पल पायात, एक हातात.

म्हटलं, “पुन्हा मारा.”

त्यायनं मारली. मी ओ दिला. तुले ऐकू आला असंन.

सुभद्रा